तळोद्याची गाडी आणि पाबळची शाळा

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेल्या तळोद्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते बहुधा मल्हारराव होळकरांच्या बालपणाच्या निमित्ताने. पितृछत्र हरपलेल्या त्या मुलाला घेऊन त्याची आई आपल्या भावाकडे, भोजराज बारगळांकडे, या गावी आली आणि मामाच्या आश्रयाने वाढलेला तो भाचा पुढे माळव्याचा सुभेदार झाला, ही हकीकत खानदेशात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु इंग्रजी अमदानीत मुलखाची जंत्री तयार करणाऱ्या सरकारी गॅझेटिअरकारांनी या कसब्याची दखल घेतली ती निराळ्या कारणाने. अक्राणीच्या रानातून उतरणाऱ्या इमारती लाकडाची ही खानदेशातील मुख्य पेठ होती, रोशा गवताच्या तेलाचा येथे मोठा व्यापार चाले, आणि खानदेशातील उत्तम बैलगाड्या येथेच बनत. एका गाडीस सुमारे ४० रुपये पडत, असेही त्या दफ्तरात नमूद आहे. सुभेदाराच्या पराक्रमापेक्षा या ४० रुपयांच्या गाडीत प्रस्तुत लेखकास अधिक रस आहे, कारण तंत्रज्ञान, तरुण पिढी आणि समाज यांच्या परस्परसंबंधाविषयी आज जो ऊहापोह चालतो, त्यात ज्या दोन ग्रंथकार-शिक्षकांचे म्हणणे विसरले गेले असे मला वाटते, ते समजून घ्यावयाचे तर आरंभ त्या गाडीच्या चाकापासूनच करणे सोयीचे आहे.

बैलगाडीचे चाक ही दिसावयास साधी, परंतु घडवावयास मोठी कठीण वस्तू आहे. मधोमध लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले घेराचे वाकडे तुकडे, आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, एवढाच त्याचा संसार. पण ही धाव खिळ्यांनी ठोकून भागत नाही, ती स्वतःच्या आकुंचनाने चाकास मिठी मारते. सुतार चाकाचा घेर दोरीने मोजून घेतो आणि लोहार धाव मुद्दाम त्याहून थोडी आखूड करतो. मग गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगीत ती लाल होईपर्यंत तापवून, चिमट्यांनी तिघाचौघांनी उचलून, चाकावर घालून घणाने बसवितात आणि वरून घागरीमागून घागर पाणी ओततात. लोखंड दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे १२ भागांनी वाढते. चाकाचा घेर ४ मीटर धरला आणि धाव ५०० अंशांनी तापविली, तर तिची लांबी सुमारे २४ मिलिमीटरने वाढावी. म्हणजे लोहाराला खेळावयास मिळते ती जेमतेम बोट-सव्वा बोटाची जागा. धाव त्याहून आखूड झाली तर ती चढणारच नाही, आणि पुरेशी आखूड नसली तर पहिल्याच उन्हाळ्यात लाकूड सुकून चाक खिळखिळे होईल. हे गणित लोहाराने कोठे लिहून ठेवलेले नसे. ते त्याच्या हातात होते, आणि त्याच्या भात्याशी बसलेल्या पोराच्या हातात ते हळूहळू उतरत असे.

या चित्राने कोणी भारावून जाऊ नये. ते पोर लोहाराचेच असावे लागे. सुताराच्या वाकसाला भिल्लाच्या मुलाचा हात लागत नसे, मुलीचा तर नाहीच नाही. आणि ज्या मुलाने ही विद्या आत्मसात केली त्याला मामलेदार कचेरीच्या पायरीवर जोडे काढूनच उभे राहावे लागे. रोशा तेलाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ओढ्याच्या काठी भट्टी लावून, हंड्यात गवत दाबून भरून, त्यातून निघणारी वाफ थंड पाण्यात बुडविलेल्या भांड्यात उतरवून हे तेल काढीत. वाफ निवली की पाणी खाली राहते आणि तेल वर तरंगते, ते निथळून घ्यावयाचे. मुंबईच्या बंदरातून हा माल तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई आणि तेथे त्याचा एक प्रमुख उपयोग गुलाबाच्या मौल्यवान अत्तरात भेसळ करण्याकडे होई, कारण दोहोंतील सुगंधी द्रव्यांत बरेच साम्य आहे. युरोपातील श्रीमंत स्त्रियांच्या रुमालास सातपुड्याच्या गवताचा वास येत होता, परंतु ते गवत कापणाऱ्याला आणि भट्टी फुंकणाऱ्याला आपला माल कोठे जातो, कशासाठी जातो आणि तेथे काय भावाने विकला जातो, याची गंधवार्ताही नव्हती. हातात कसब आहे आणि त्या कसबाचा जगाशी असलेला व्यवहार मात्र दुसऱ्याच्या वहीत आहे, ही ती अवस्था. शिक्षणाने नेमके काय करावयाचे, हा प्रश्न येथे उभा राहतो.

या प्रश्नाचे मराठीतील पहिले समर्थ उत्तर जोतीराव फुले यांनी दिले, असे म्हणावयास हरकत नाही. जोतीरावांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो, मुलींच्या शाळेचे संस्थापक म्हणून ओळखतो; परंतु ते बांधकामाचे कंत्राटदारही होते, दगड, चुना आणि पाटबंधारे यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता, आणि त्यामुळे तंत्रविद्येविषयी ते जे लिहितात त्याला पोथीचा वास येत नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या कैफियतीत त्यांनी प्राथमिक शिक्षक कसा असावा याची एक अट घातली आहे, ती मला त्या सबंध दस्तऐवजातील सर्वांत मर्मग्राही वाटते: शिक्षक शेतकरी वर्गातून आलेला असावा, त्या लोकांत मोकळेपणाने मिसळणारा असावा, आणि प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये. विद्येच्या सनदा तपासणाऱ्या आयोगापुढे शिक्षकाच्या लाजेचा विषय काढणारा हा पुरुष शाळेचे दुखणे कोठे आहे ते अचूक ओळखून होता.

पुढल्याच वर्षी, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. त्याच्या अखेरच्या भागात ज्या तजविजी सुचविल्या आहेत त्या आजही वाचणाऱ्यास थक्क करतात. डोंगरउतारावर ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शिवारात मुरवावे. कालव्याच्या पाण्यास तोट्या बसवून शेतकऱ्यास मोजून पाणी द्यावे. पाणाड्यांकडून भूमीतील झरे शोधून काढवून त्यांच्या खुणा गावोगावच्या नकाशांवर नोंदवाव्यात. आणि तरुणांविषयीची सूचना तर खास त्यांच्या बुद्धीची आहे: शेतकऱ्यांच्या ज्या मुलांनी मराठी शिक्षणाबरोबर लोहारकाम, सुतारकाम आणि सुधारलेला नांगर हाकणे यांतही परीक्षा दिली असेल, त्यांना गावच्या पाटीलकीच्या जागा द्याव्यात, म्हणजे लोक आपण होऊन चुरशीने मुले शाळेत घालतील. वतनदारीच्या त्या काळात पाटीलकी आणि वाकस यांची अशी सांगड घालणे ही साधी गोष्ट नव्हती. आज पोलीस पाटलाच्या भरतीच्या जाहिरातीत दहावी उत्तीर्ण असल्याचा दाखला मागतात. वाकसाबद्दल कोणी विचारीत नाही.

जोतीरावांनी हा ग्रंथ बडोद्यास सयाजीराव गायकवाडांना वाचून दाखविला होता. त्या वाचनाचा परिणाम म्हणून अमुक घडले असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. पण त्याच सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन स्थापिले, रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती ते सोपविले, आणि रंगकाम, विणकाम, यंत्रकाम असे विषय देशी भाषेतून शिकविण्याचा उपक्रम तेथे झाला, हे खरे. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. तळोद्याहून पश्चिमेस निघाले की थोड्याच अंतरावर गुजरातची हद्द लागते. १९६० साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातली कित्येक गावे त्या बाजूस गेली, आणि आजही येथील माणसाच्या तोंडी भिली, अहिराणी, गुजर बोली आणि गुजराती एकाच दिवसात येऊन जातात. तरीसुद्धा कलाभवनासारखी संस्था तापीकाठी कोणी काढली नाही. इलाख्याच्या सरकारला कारकून हवे होते, कारागीर नव्हे, आणि शाळांनी मागणीप्रमाणे पुरवठा केला.

'असुडा'नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ नावाच्या दुष्काळी गावी, एका वैज्ञानिकाने झोपडीवजा जागेत एक शाळा काढली. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांचा जन्म १९२८ चा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात त्यांनी अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळविली, परत येऊन म्हैसूरच्या संशोधन संस्थेत आणि नंतर मुंबईस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या अधिकारावर काम केले, आणि पन्नाशी उलटल्यावर ती नोकरी सोडून, पत्नी मीराबाईंसह, ते पाबळला राहावयास आले. पाबळ निवडण्याचे कारण असे की तेथे काहीही विशेष नव्हते. पाणी नव्हते, खनिज नव्हते, बडे गिऱ्हाईक नव्हते. जे येथे साधेल ते इतरत्र कोठेही साधेल, असा त्यामागचा हिशेब. संस्थेचे नाव विज्ञान आश्रम.

आश्रमात प्रवेश होता तो शाळेतून गळालेल्या मुलांना. एका वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात ती मुले जोडकाम आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य अशा चारही अंगांचे काम करीत. एकच धंदा पक्का शिकविण्याऐवजी चार धंद्यांची तोंडओळख का, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला तेव्हा कलबागांचे उत्तर व्यवहारी होते: दोन हजार वस्तीच्या गावात केवळ जोडकाम करणाऱ्याचे पोट भरत नाही, पण जो दार जोडतो, पंप उघडतो, पाण्याची टाकी बांधतो आणि कोंबड्यांना लसही टोचतो, त्याला गाव सोडावे लागत नाही. शिवाय त्यांचा सिद्धान्त असा की हाताने काम करीत शिकणे ही मनुष्याच्या बुद्धीची नैसर्गिक रीत आहे. मूल बोलावयास आणि चालावयास याच रीतीने शिकते, आणि शाळा मात्र त्याला सहाव्या वर्षी बाकावर बसवून ती रीत विसरावयास लावते. याच विचाराचा शालेय अवतार म्हणजे आठवी ते दहावीच्या वर्गांसाठीचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय, ज्यात आठवड्याचा एक दिवस वर्गाबाहेर कामावर जातो. आज तो काही शाळांत 'मल्टी स्किल' या नावाने चालतो.

या योजनेतील जी कलमे मला निर्णायक वाटतात, ती दोन. पहिले असे की मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगाचे असले पाहिजे आणि गावाने त्याचे दाम मोजले पाहिजे. प्रदर्शनात मांडावयाचे मातीचे नमुने नकोत. कोणाची तरी खरी कुंपणाची जाळी, खरा संडास, खरी रोपवाटिका हवी, आणि ती नीट झाली नाही तर पैसे मिळणार नाहीत. दुसरे असे की शिकविणारा निदेशक स्वतः त्या धंद्यात कमावणारा असावा. जोतीरावांनी शिक्षकाच्या लाजेविषयी जे म्हटले होते, त्याला कलबागांनी हिशेबाच्या वहीचे रूप दिले.

आणि पाणाड्यांचे काय झाले, तेही येथेच सांगावयास हवे, कारण या प्रकरणात एक मौज आहे. पाबळला पाणी नव्हते; तेव्हा कलबागांनी शाळेतून गळालेल्या या पोरांनाच भूगर्भातील पाणी शोधण्याचे शास्त्र शिकविले. पद्धत अशी: जमिनीत एका सरळ रेषेत चार लोखंडी सळया रोवावयाच्या, बाहेरच्या दोन सळयांतून विजेचा प्रवाह सोडावयाचा आणि आतल्या दोन सळयांमधील दाब मोजावयाचा. दाबाला प्रवाहाने भागले आणि सळयांमधील अंतराचा हिशेब त्यात धरला की खालच्या थराचा विद्युत्‌रोध कळतो. कोरडा अभंग काळा पाषाण विजेला जोराने अडवितो. ज्याला भेगा गेल्या आहेत आणि त्या भेगांत पाणी आहे असा मुरूम किंवा खडक तिला सहज वाट देतो. सळयांमधील अंतर वाढवीत नेले की प्रवाह अधिकाधिक खोल उतरतो, आणि अशा रीतीने न खणता जमिनीच्या पोटातील थरांचा अंदाज कागदावर मांडता येतो. ज्याला दहावीच्या गणितात नापासाचा शेरा मिळाला होता असा मुलगा भागाकार करून, आलेख काढून, शेतकऱ्याला सांगतो की विहीर येथे खण, तेथे नको, आणि त्याबद्दल फी घेतो! जोतीरावांच्या नकाशावरील खुणांना शंभर वर्षांनी असे वारस मिळाले. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेने संगणकाच्या आज्ञेवर वस्तू कापणाऱ्या-घडविणाऱ्या यंत्रांची प्रयोगशाळा आपल्या देशाबाहेर काढावयाची ठरविली, तेव्हा अगदी पहिल्या ठिकाणांत पाबळचा समावेश झाला. २००३ साली कलबाग निवर्तले; आश्रम चालू आहे.

येथवर सर्व गोड वाटेल. परंतु या विचाराविरुद्ध एक गंभीर हरकत आहे आणि तळोद्यात बसून ती टाळता येत नाही. गांधीजींच्या प्रेरणेने १९३७ मध्ये वर्ध्यास नयी तालीमची योजना झाली, तिचे केंद्र हस्तोद्योग होते; पण देशातील सुस्थित वर्गाने आपली मुले त्या शाळांत घातली नाहीत, आणि ज्यांची मुले घालावयाची होती त्यांना हे उमजले. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस बापाच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली, तेव्हा ती जातीचा धंदा जातीच्या गळ्यात बांधते म्हणून एवढा क्षोभ झाला की वर्षभरात मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. सातपुड्यातील पावरा वा भिल्ल बापाने 'आमच्या पोराला पुन्हा कुदळच देणार असाल तर शाळा कशाला?' असे विचारले, तर तो अडाणी ठरत नाही. इतिहास त्याच्या बाजूने बोलतो. ज्यांच्या हातातून तीन पिढ्यांपूर्वी वाकस सुटला ते त्याचे गोडवे गातात, आणि ज्यांच्या हातात कोयता अद्याप आहे त्यांना लेखणी हवी असते. या हरकतीचे निवारण जोतीरावांच्याच अटीत आहे, कारण त्यांनी लेखणी सोडून वाकस मागितला नव्हता. दोन्हींची परीक्षा आणि दोन्हींबद्दल सत्तेची जागा, असा तो करार होता. कलबागही आपल्या विषयाला धंदेशिक्षण म्हणू देत नसत. हे सर्व मुलांसाठीचे सामान्य शिक्षण आहे, असे त्यांचे म्हणणे. वकिलाच्या मुलालाही हा दिवस वर्गाबाहेर काढावा लागला, तरच ते म्हणणे खरे ठरेल.

आता आजच्या तळोद्याकडे पाहू. १९९८ च्या १ जुलैला धुळ्यातून निघालेला नंदुरबार जिल्हा २०११ च्या जनगणनेत साक्षरतेच्या यादीत राज्यात तळाला होता. साक्षरांचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, आणि दहांपैकी जवळजवळ सात माणसे अनुसूचित जमातींची. याच जिल्ह्यातील, शेजारच्या शहादे तालुक्यातील टेंभली गावी २०१० च्या २९ सप्टेंबरला पंतप्रधानांच्या उपस्थितीत देशातील पहिली आधार कार्डे वाटली गेली. देशातील अत्याधुनिक यंत्रणेचा श्रीगणेशा आमच्या मुलखात झाला याचा आनंद मानावा, परंतु त्या दिवशी गावकऱ्याकडे यंत्रणेने मागितले ते त्याच्या बोटाचे ठसे. त्या बोटांना काय करता येते, हे तिने विचारले नाही.

पुढे मोबाईल आला, आणि तो रोशा तेलाच्या भट्टीपेक्षा कितीतरी अधिक बंदिस्त आहे. गाडीचे चाक उघड्यावर बनत असे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुंबा, आरे, धाव सर्व दिसे. मोबाईलचे पोट सरसाने चिकटविलेले असते, आणि त्याचा मालक त्यावर टिमलीची गाणी पाहतो, पैसे पाठवितो, पोलीस भरतीचे प्रश्नसंच सोडवितो, पण आपल्या बोटाच्या प्रत्येक स्पर्शाचा हिशेब कोणाच्या वहीत जातो हे त्याला ठाऊक नसते. म्हणून मोबाईलला शिव्या देणाऱ्या वडीलधाऱ्यांत मी सामील होत नाही; माझी तक्रार उलट आहे, ती अशी की तो पुरेसा उघडला जात नाही. बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या टपरीवर जो विशीतला पोरगा भिंगाखाली चार्जिंगची पिन बदलतो, फोल्डर म्हणजे पडद्याचा संच काढून नवा बसवितो, तो माझ्या मते तालुक्यातील अत्यंत महत्त्वाच्या विद्यार्थ्यांपैकी एक आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर नाही.

त्याच्या शेजारी मोटारी भरणारा बसतो. ऊस, केळी, पपई यांच्या या पट्ट्यात विहिरीवरची मोटार जळणे ही नित्याची घटना. तांब्याच्या तारेचे काळे पडलेले वेटोळे उपसून नवी तार भरावयाची, हे त्याचे काम. मोटार का जळली हे त्याला विचारले तर तो म्हणतो, लाइन कमी होती. त्यात भौतिकशास्त्राचा एक अख्खा पाठ आहे: पंपावरचा भार तोच राहिला आणि विजेचा दाब पाचव्या हिश्शाने उतरला, तर तेवढेच काम करावयास मोटार सव्वापट प्रवाह ओढते, आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती दीडपटीहून अधिक होते, वार्निशचा थर जळतो आणि मोटार बसते. हा पाठ दहावीच्या पुस्तकात आहे आणि जळकी मोटार शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. मधले अंतर काटण्यासाठी फळ्यावर पडदा लावून आकाशवाणीसारखे एकेरी बोलणारे 'डिजिटल वर्ग' पुरत नाहीत. त्या कारागिराला आठवड्याचा एक दिवस, मोबदला देऊन, वर्गात बोलवावे लागेल.

अडचणी आहेतच. कार्तिकात ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाबरोबर मूलही जाते, आणि आठवड्याचा तो दिवस त्याच्या वाट्याला येत नाही. पुस्तकाची मराठी आणि घरची पावरी यांत जे अंतर आहे त्याची दखल नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी १९९० च्या दशकात मुलांच्या बोलीत शिकवून घेतली. सरकारी शाळांत ती अजून अपुरीच आहे. मोटार भरणाऱ्यापाशी मात्र ही अडचण येत नाही, कारण तो गिऱ्हाइकाच्या बोलीतच बोलतो. शाळेत त्याला बोलवावयाचे म्हटले की पहिला प्रश्न निघतो त्याच्या शैक्षणिक अर्हतेचा, दुसरा त्याचा मुशाहिरा कोणत्या शीर्षकाखाली टाकावयाचा हा, आणि तिसरा, मुलांनी मोटार दुरुस्त करून घेतलेले पैसे शाळेच्या कोणत्या खात्यात जमा धरावयाचे, हा. पाबळला कलबागांनी या तिसऱ्या प्रश्नापासूनच आरंभ केला होता.